लाथेवर चालणारी राणी

इंजिनाला लाथ मारणारा माणूस मी सिनेमात पाहिला, त्याच्या कितीतरी वर्षं आधी इंजिनाला लाथ मारणारी बाई पाहिली होती. ती माझी आत्ती, वडिलांची थोरली बहीण. आजऱ्याकडं आमचं गाव. हिरण्यकेशीच्या काठाला उसाचं थोडं रान आणि पत्र्याच्या खोपीत एक जुनं डिझेलवरचं इंजिन. गावात त्याला कुणी इंजिन म्हणत नसे. ते ‘इंजान’. थंडीच्या दिवसांत सकाळी ते पेटायचंच नाही. वडील चार-दोन वेळा हँडल मारून घामाघूम होत आणि शेवटी मला घरी पिटाळत, ‘जा, आक्काला बोलीव.’ आत्ती चुलीपुढून उठून यायची, पदर खोचायची, वरची कळ उचलून हँडल गरगर फिरवायची. फिरवता फिरवता कळ सोडायची आणि त्याच क्षणी इंजिनाच्या बुडाला, एका ठरावीक जागी, टाचेनं लाथ घालायची. इंजान खोकायचं, काळा धूर ओकायचं आणि फटफटत सुरू व्हायचं. त्या लाथेचा उपयोग काय, हे मला आजही सांगता येणार नाही. वडिलांच्या मते काही नव्हता.

‘द आफ्रिकन क्वीन’ हा १९५१ सालचा सिनेमा मी पहिल्यांदा पुण्यात शिकायला असताना एका फिल्म क्लबात पाहिला. तेव्हा आवडला, पण बेतानंच. आमच्या टोळक्याला जगाचं दुःख सांगणारे, शक्यतो काळे-पांढरे सिनेमे हवे असत. एक दारुडा नावाडी, एक धर्मप्रचारकाची बहीण, एक मोडकी बोट, शेवटी धडाम्. ही गंमत आम्ही शेंगदाण्यासारखी खाल्ली आणि विसरलो. तो पुन्हा नीट दिसला तो दहा-बारा वर्षांपूर्वी, आत्ती मोतीबिंदूसाठी माझ्याकडं येऊन राहिली तेव्हा. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं महिनाभरानं व्हायचं होतं. दिवसभर ती एक डोळा झाकून बघे, मग दुसरा झाकून. जुन्या डोळ्यानं भिंत पिवळट दिसे, नव्यानं पांढरीशुभ्र. ‘इतकी वरसं मी चहात बघितल्यागत जग बघत हुतो की रं,’ असं ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका ‘हुतो’च म्हणतात. त्या नव्या डोळ्याला काहीतरी रंगीत, झाडापाण्याचं दाखवावं, एवढ्याच हिशेबानं मी हा सिनेमा लावला.

आणि लावल्यावर पाचव्या मिनिटाला घाम फुटला. कारण आपण काय लावलंय ते तेव्हा लक्षात आलं.

गोष्ट अशी. साल १९१४, जागा जर्मन पूर्व आफ्रिका, म्हणजे आजचा टांझानिया आणि आसपासचा मुलूख. कुंगडू नावाच्या खेड्यात सॅम्युएल सेयर हा इंग्रज धर्मप्रचारक चर्च चालवतोय, आणि त्याची बिनलग्नाची बहीण रोझ त्याचं घर सांभाळते, चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. भावाच्या संसारात आयुष्य काढलेली बहीण! मी आत्तीकडं चोरून पाहिलं. आत्तीचं लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं याच्या तीन वेगवेगळ्या कहाण्या घरात होत्या, आणि तिच्यासमोर त्यातली एकही कुणी काढत नसे. आजी गेल्यावर घर तिनंच चालवलं, आम्हा भावंडांना तिनंच न्हाऊमाखू घातलं. आता हिच्यासमोर मी हे काय मांडून ठेवलं?

पण ती पडद्यात गुंतली होती. ‘एवढं हिरवं असतंय व्हय?’ एवढंच म्हणाली.

ते हिरवं खरंच बघण्यासारखं आहे. कॅमेरा जॅक कार्डिफचा, आणि रंगीत चित्रणाचा त्या काळचा टेक्निकलर कॅमेरा म्हणजे लोखंडी कपाट. ते घेऊन ही मंडळी बेल्जियन काँगोतल्या रुइकी नदीवर आणि युगांडात गेली. हॉलिवूडवाले तेव्हा आफ्रिकाही शक्यतो स्टुडिओत उभी करत. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टनला मात्र खरी नदी हवी होती. (त्याला खरा हत्तीही मारायचा होता, आणि त्याचं निम्मं लक्ष त्या शिकारीकडं होतं. पटकथेला हात लावायला गेलेल्या पीटर व्हिएर्टेलनं पुढं त्यावरच एक कादंबरी लिहून सूड उगवला.) बोट तिथं एकदा बुडाली आणि ओढून वर काढावी लागली. युनिट आजारी पडलं. रोझ झालेल्या कॅथरिन हेपबर्नला पोटाच्या विकारानं इतकं पोखरलं की ऑर्गन वाजवायच्या प्रसंगात कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेतानं शेजारी बादली ठेवलेली असे. चार्ली झालेला हम्फ्री बोगार्ट आणि ह्यूस्टन ठणठणीत राहिले, कारण दोघं पाण्याला शिवतच नव्हते, व्हिस्कीवर होते. त्या दोघांना लाजवायला म्हणून हेपबर्न मुद्दाम भरपूर पाणी पीत होती, आणि पाणीच बाधलं. छत्तीस वर्षांनी, १९८७ साली, तिनं या चित्रीकरणावर एक आख्खं पुस्तक लिहिलं. त्यात स्वतःच्या या हट्टाला ती पोटभर हसली आहे.

पण आधी चहा.

चार्ली ऑलनट हा कॅनेडियन. नदीवर वाफेची एक छोटी लाँच चालवतो, खाणीचं सामान आणि टपाल पोचवतो. ज्या कादंबरीवरून हा सिनेमा घेतला, तिच्यात तो लंडनचा, तिथल्या कामगारवस्तीची कॉकनी बोली बोलणारा आहे. बोगार्टला ती बोली झेपणार नाही म्हणून सिनेमात त्याचा कॅनेडियन केला, आणि ते बरंच झालं. तर या चार्लीला भावाबहिणीनं चहाला बसवलंय. पांढरं टेबलक्लॉथ, पातळ ब्रेड. आणि चार्लीचं पोट गुरगुरायला लागतं. एकदा, दोनदा. समोरचे दोघं ऐकूच आलं नाही असं दाखवतात. सॅम्युएल झालेला रॉबर्ट मॉर्ले हवामानाकडं बघितल्यासारखं शून्यात बघतो. हेपबर्न आणखी ब्रेड पुढं करते, आणि त्या पुढं करण्यात इतकी सभ्यता आहे की आपल्यालाच कानकोंडं होतं. बोगार्ट पोटावर हात दाबतो, हसतो, माफी मागतो, पोटाला तरस बिरस म्हणतो. तरी पोट बोलतच राहतं. एकाही मोठ्या संवादाशिवाय तीन माणसांची जात, शिक्षण, एकटेपण सगळं त्या टेबलावर येऊन पडतं. आत्ती इतकी हसली की डोळ्याला ताण पडेल म्हणून मला सिनेमा थांबवावा लागला.

मी सुरुवातीला भाषांतर करत होतो. दहा मिनिटांनी तिनं मला गप्प केलं. ‘तू हू हू करू नगंस, मला दिसतंय.’

युद्धाची बातमी चार्लीच आणतो. मग जर्मन येतात, खेडं जाळतात, माणसं हाकलून नेतात, सॅम्युएलचं डोकं फिरतं, आणि तो तापात मरतो. मरण्याआधी भ्रमात देवाशी बोलताना तो बहिणीबद्दल म्हणतो की ती कुमारिकांमध्ये काही देखणी नाही, पण तिलाही तुझ्या घरात सेवेची जागा मिळो. रोझ शेजारी उभी राहून हे ऐकते. हेपबर्ननं या ठिकाणी काय केलं, तर काही केलं नाही. चेहरा तसाच, हात तसेच. डोळ्यांत काहीतरी विझतं, तेही आपल्याला वाटतं म्हणून. दुसरी कुणी असती तर ओठ थरथरवले असते. मी पुन्हा आत्तीकडं पाहिलं. ती नव्या डोळ्यानं बघत होती, जुना झाकून. तोंडावर काही नव्हतं.

इथं थोडं भांडायचं आहे. या सुरुवातीच्या भागात खेड्यातली आफ्रिकन माणसं दिसतात ती बेसूर भजन म्हणताना आणि चार्लीनं फेकलेल्या सिगारच्या थोटकासाठी झोंबाझोंबी करताना. कुणाला नाव नाही. पंधरा-वीस मिनिटांत ती पडद्यावरून जातात, मग उरते नदी आणि दोन गोरी माणसं. खरं युद्ध तसं नव्हतं. त्या मोहिमेत लाखो आफ्रिकन हमालांनी ओझी वाहिली. रोझ ऑर्गन वाजवत होती त्याच शरदात मुंबई बंदरातून सुमारे ८,००० जणांची भारतीय फौज जहाजांत भरून निघाली आणि नोव्हेंबर १९१४च्या पहिल्या आठवड्यात जर्मन पूर्व आफ्रिकेतल्या टांगा बंदरात सपाटून मार खाऊन परत जहाजांत चढली. यातलं काही या सिनेमाच्या गावी नाही. एवढं ध्यानात ठेवून मी तो बघतो, आणि आवडायचा तेवढा आवडतोच.

भावाला पुरून रोझ चार्लीच्या बोटीत बसते. ‘आफ्रिकन क्वीन’ हे नाव मोठं, बोट मात्र पंधरा पावलांत संपेल एवढी. मधोमध उभं बॉयलर, वर फडफडणारं कापड. इंजिनाच्या एका झडपेत कधीतरी कुणाच्या हातून स्क्रू ड्रायव्हर पडलेला, त्यामुळं वाफ तुंबते, आणि तुंबली की लाथ घालावी लागते, नाहीतर बॉयलर फुटेल. रोझ विचारते, मग तो स्क्रू ड्रायव्हर काढत का नाही? तो म्हणतो काढीन की एक दिवस. पण मला हिला लाथ मारायला आवडतं, हिच्याशिवाय माझं आहे कोण.

हे मात्र मी भाषांतर करून सांगितलं. आत्ती काही बोलली नाही, मान हलवली. ते मान हलवणं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग रोझ आपली योजना मांडते. नदी पुढं एका सरोवराला मिळते. त्या सरोवरावर ‘लुईसा’ नावाची जर्मन तोफनौका पहारा देते, तिच्यामुळं इंग्रज फौजेचा रस्ता अडलाय. बोटीत स्फोटकं आहेत, ऑक्सिजनची नळकांडी आहेत. तर त्यांचे टॉर्पेडो करायचे, बोटीच्या नाकाला लावायचे आणि लुईसाला धडक द्यायची. मधे जर्मन किल्ला आहे, धबधब्यासारखे उतार आहेत, नदी शेवटी दलदलीत हरवते. हे सगळं चार्ली तिला सांगतो. ती ऐकून घेते आणि जेवायला या म्हणावं तशा स्वरात पुन्हा तेच म्हणते.

हेपबर्नच्या या स्वरामागं एक किस्सा आहे. सुरुवातीचे दिवस ती रोझला फार गंभीर, ओढलेल्या चेहऱ्यानं करत होती. ह्यूस्टन एका सकाळी तिच्याकडं गेला आणि म्हणाला, मिसेस रूझवेल्ट इस्पितळात जखमी सैनिकांना भेटायला जातात ते आठव. एलिनोर रूझवेल्ट स्वतःला कुरूप समजत, म्हणून चेहऱ्यावर कायम एक सभ्य हसू ठेवत. तेवढं ठेव. हेपबर्ननं लिहिलंय की तिला आयुष्यात मिळालेली सर्वांत उत्तम दिग्दर्शकीय सूचना हीच. सिनेमा बघताना ती कुठं लागू झाली ते दाखवता येतं. जिथं रोझला भीती वाटायला हवी, तिथं ती पाहुणी आल्यासारखी हसते. चार्लीनं ‘हे अशक्य आहे’ म्हणून दिलेलं प्रत्येक कारण त्या हसण्यावर आपटून खाली पडतं. घरातल्या थोरल्या बाईला ‘हे जमणार नाही’ हे ऐकूच कसं येत नाही, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे हसू वेगळं समजावून सांगायला नको.

पहिला उतार पार होतो. चार्लीचा बेत असा की बाई घाबरेल आणि हे खूळ सोडेल. बोट आपटत, भोवऱ्यात फिरत खाली येते. तो वळून बघतो तर रोझच्या गालांवर रंग चढलाय, केस सुटलेत, डोळे लकाकतायत. ती म्हणते की निव्वळ शरीराच्या एका अनुभवात इतकी तरतरी असेल हे तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. वाक्य चर्चचं, चेहरा जत्रेतल्या पाळण्यातून उतरलेल्या पोरीचा! आणि बोगार्टचं तोंड बघावं. आपल्याच डावात सापडलेला माणूस.

त्या रात्री तो पितो आणि तिला नको नको ते बोलतो. स्तोत्रं म्हणणारी वाळकी म्हातारी कुमारी असं काहीबाही. सकाळी जाग येते तर रोझ बोटीच्या मागच्या टोकाला बसून त्याच्या जिनच्या बाटल्या एकेक करून नदीत ओततेय. ना राग, ना उपदेश. बाटली उलटी, गळगळ, रिकामी बाटली पाण्यात. पुढची. तो डोकं धरून विनवतोय, तीन शब्दही नीट जुळत नाहीत. मला वाटलं या प्रसंगाला आत्ती टाळ्या वाजवेल, कारण गावात दारूवरून तिनं भल्याभल्यांना फैलावर घेतलेलं मी पाहिलं होतं.

‘सगळ्या कशाला वततीया?’ ती कळवळून म्हणाली. ‘एक ठेवायची. जखमंला लागती.’

बोगार्टविषयी आता बोलायला हवं, कारण रोझवर सगळेच लिहितात. त्याआधीची दहा वर्षं तो कोट-टोपीतला, ओठाच्या कोपऱ्यातून बोलणारा, कुणाचं देणं न लागणारा माणूस म्हणून ठाऊक होता. ह्यूस्टनच्याच पहिल्या सिनेमात, १९४१ साली, तो तसा होता, आणि पुढच्या वर्षीच्या ‘कॅसाब्लांका’नं तर त्याचा पुतळाच करून टाकला. इथं तो एक्कावन्न वर्षांचा आहे. दाढीचे खुंट, मळकी टोपी, गुडघ्यांत वाकलेले पाय. रोझला हसवायला तो पाणघोड्याची आणि माकडाची नक्कल करतो, खाजवतो, उड्या मारतो. ज्याच्या चेहऱ्यावर कधी काही हललं नाही तो माणूस या वयात माकड होतो, आणि यात कुठंही ‘बघा मी काय करतोय’ नाही. या कामाला त्याला ऑस्कर मिळालं, आयुष्यातलं एकमेव. त्या वर्षी समोर तरुण मार्लन ब्रँडो होता, अभिनयाची नवी भाषा घेऊन आलेला. तेव्हापासून वाद चालू आहे की ते ऑस्कर या भूमिकेला दिलं की एकूण हिशेब चुकता केला. मला विचाराल तर मी बोगार्टचे हात बघायला सांगेन. तो बोलत असताना हात सतत काहीतरी करत असतात. चिंधीनं पुसतात, लाकूड सारतात, झडपेवर नुसते टेकतात. डोळे रोझकडं असतात तेव्हाही एक हात इंजिनाच्या तब्येतीवर असतो. ज्यांची जिंदगी यंत्राशेजारी गेली त्यांचाच हात असा न बघता जातो. हे त्यानं कुठून उचललं कोण जाणे.

किल्ल्यासमोरून गोळीबारात ते निसटतात, पुढचा उतारही पार करतात, आनंदानं एकमेकांना मिठी मारतात, आणि मिठी सुटायला एक क्षण जास्त लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन आलेली रोझ हळूच विचारते: अहो, तुमचं पहिलं नाव काय? तोवर ते मिस्टर ऑलनट आणि मिस होते. तो सांगतो, चार्ली. ती ते नाव तोंडात घोळवून बघते. चव्वेचाळीस वर्षांची हेपबर्न त्या क्षणी सतरा वर्षांची दिसते, आणि त्यासाठी प्रकाशानं किंवा मेकअपनं काही केलेलं नाही.

मला इस्पितळाचा फॉर्म आठवला. आत्तीला भरती करताना नावाच्या रकान्यापाशी माझा पेन अडला होता. घरात ती आक्का, आम्हाला आत्ती, गावाला पाटलांची आक्का. रेशनकार्डावरचं नाव मला माहीत होतं, पण त्या नावानं कुणी तिला हाक मारल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी लिहिलं तेव्हा तीच म्हणाली, ‘हां, त्येच. बरोबर हाय,’ जणू तिलाही खात्री करून घ्यायची होती.

यानंतर येतो तो भाग, जो कॉलेजात मला कंटाळवाणा वाटला होता. खडकावर आपटून बोटीचा पंख्याचा दांडा वाकतो आणि पंख्याचं एक पातं तुटतं. चार्लीच्या लेखी विषय संपला. रोझ मात्र विचारते, दुसरं पातं करता येणार नाही का? मग ते किनाऱ्यावर भट्टी पेटवतात, कोळसा पाडतात, दांडा तापवून ठोकून सरळ करतात, पातं जोडतात. पाण्यात बुडी मारमारून सगळं परत बसवतात. ती भाता मारते, तो ठोकतो. प्रेमाचा एक शब्द नाही, आणि दोघं एकमेकांत इतके मिसळलेले सबंध सिनेमात दुसरीकडं कुठं दिसत नाहीत.

आत्ती उठून मांडी घालून बसली. इतका वेळ ती टेकून होती. ‘तापवून सरळ केली तरी दांडी लपकणारच,’ ती म्हणाली. ‘बेअरिंग खाती.’ मग थोड्या वेळानं: ‘पर चालंल. नदी उताराची हाय.’

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तासभर मी तिच्यात रोझ शोधत होतो. भावाच्या घरातली बिनलग्नाची बहीण म्हणजे रोझ, असा माझा सरळ हिशेब. तिचं रोझकडं फारसं लक्षच नव्हतं. ती चार्ली बघत होती. तो वाफ कशी सोडतो, लाकूड कधी घालतो, लाथ कुठं बसते. त्याच्या हातांवर तिची नजर होती, आणि मधेमधे तिची स्वतःची बोटं मांडीवर हलत होती.

दलदलीचा भाग मी थोडक्यात सांगतो, जरी सिनेमाचा जीव तिथंच आहे. नदी शंभर फाट्यांत फुटते, उंच बोरूत वाट हरवते, पाणी पायलीभर उरतं. चार्ली पाण्यात उतरून दोर खांद्यावर घेऊन बोट ओढतो. वर येतो तर अंगभर जळवा. ‘मीठ, मीठ!’ आत्ती ओरडली, आणि पडद्यावर रोझही मिठाकडंच धावली. पावसाळ्यात आमच्या रानात जळवा असतातच. त्या ओढून काढायच्या नाहीत हे पोरासोरांना माहीत असतं. खऱ्या जळवा अंगाला लावून घ्यायला बोगार्टनं साफ नकार दिला, म्हणून पडद्यावरच्या रबरी आहेत. त्याचं शहारणं मात्र रबरी नाही. जळवा काढून झाल्यावर एक क्षण तो पाण्याकडं बघतो. परत उतरायचंय. न उतरून चालणार नाही. आणि तो उतरतो. तो ‘हो’ किंवा ‘चल’ असं काही म्हणत नाही. शौर्याचे पुष्कळ प्रसंग पाहिले सिनेमात, घोड्यावरचे, विमानातले. हा पाण्यात पाय सोडायचा प्रसंग मला त्या सगळ्यांपेक्षा भारी वाटतो.

मग ते हरतात. चार्ली तापानं फणफणतो, रोझ देवाला सांगते की आम्हाला तुझ्या घरी घे. कॅमेरा हळूहळू वर उठतो आणि फक्त आपल्याला दाखवतो की बोरूच्या पलीकडं, हाकेच्या अंतरावर, सरोवर पसरलंय. त्यांना ते माहीत नाही. रात्री वर डोंगरात पाऊस लागतो, पाणी चढतं, बोट झोपलेल्या माणसांना घेऊन अलगद उचलली जाते. देवानं ऐकलं की मोसमानं, हे ह्यूस्टननं उघडं ठेवलंय. त्याचा स्वतःचा कल दुसऱ्या बाजूला असणार असा माझा अंदाज.

शेवट मात्र मला अजूनही थोडा ओढून आणलेला वाटतो. सी. एस. फॉरेस्टरच्या १९३५च्या मूळ कादंबरीत त्यांची बोट वादळात बुडते आणि जर्मन जहाजाला इंग्रजांच्या दुसऱ्याच नौका बुडवतात. पटकथाकार जेम्स एजीला मधेच हृदयविकाराचा झटका आला आणि शेवट दुसऱ्यांच्या हातून लिहून झाला. सिनेमात दोघं पकडले जातात, फाशीआधी जर्मन कप्तानाकडून लग्न लावून घेतात, आणि कप्तान लग्न लावल्या लावल्या त्याच स्वरात फाशीचा हुकूम देतो. तेवढ्यात टॉर्पेडोंसकट पाण्यात उलट्या पडलेल्या आफ्रिकन क्वीनवर लुईसा येऊन आदळते. योगायोग म्हणावा तर केवढा! पण तोवर आपण इतके त्यांचे झालेलो असतो की योगायोगाचं बिल भरायला तयार होतो.

दोघं पोहत निघाले, सिनेमा संपला. आत्तीनं डोळा पुसला. ऑपरेशनचा होता, पाणी येतच होतं.

‘बोट गेली की रं,’ ती म्हणाली.

तिला बरं वाटावं म्हणून मी खऱ्या जहाजाची गोष्ट सांगितली. फॉरेस्टरच्या कथेमागं टांगानिका सरोवरावरची खरी लढाई आहे. १९१५ साली इंग्रजांनी ‘मिमी’ आणि ‘तूतू’ नावाच्या दोन मोटरबोटी केपटाउनहून रेल्वेनं, मग बैलांनी आणि वाफेच्या ट्रॅक्टरनं डोंगर ओलांडून त्या सरोवरात नेल्या. (त्यांच्या अधिकाऱ्यानं आधी ‘मांजर’ आणि ‘कुत्रा’ अशी नावं सुचवली होती; नौदलानं ती नाकारली, तेव्हा त्यानं हीच नावं फ्रेंच बाळबोलीत घातली आणि ती मंजूर झाली.) तिथलं सर्वांत मोठं जर्मन जहाज होतं ‘ग्राफ फॉन ग्योत्सेन’. १९१३ साली जर्मनीत बांधून, सुटं करून, पेट्यांत भरून आफ्रिकेत आणून पुन्हा जोडलेलं. ते इंग्रजांना बुडवता आलंच नाही. १९१६च्या जुलैत माघार घेताना जर्मनांनी स्वतःच ते बुडवलं. पण बुडवण्याआधी त्याच्या इंजिनियरांनी इंजिनांना जाड ग्रीसचा थर दिला. १९२४ साली इंग्रजांनी ते वर काढलं तर इंजिनं शाबूत! ‘लिएम्बा’ असं नाव देऊन १९२७ पासून तेच जहाज त्या सरोवरावर प्रवासी वाहू लागलं, आणि नंतर कैक दशकं वाहत राहिलं.

आत्तीनं मला मधेच थांबवलं. ‘ग्रीस लावून बुडीवली?’

‘हो.’

‘शाणी माणसं,’ ती म्हणाली, आणि बराच वेळ गप्प राहिली. मी टीव्ही बंद करायला उठलो.

‘नदीवर मोटार बसवली तवा तुझ्या बानं इंजान भंगारवाल्याला दिलं. आठवतंय तुला?’

मला आठवत होतं. मी कॉलेजात होतो. किलोच्या भावानं गेलं.

‘आदल्या रातीला मी खोपीत गेलो हुतो. कंदील घिऊन. सगळं पुसून काढलं, आन् आत ग्रीस भरलं. डबाभर. भंगारवाला सकाळी म्हणाला, आवो हे काय, हात माखलं की समदं.’ ती हसली. ‘त्याला कशाला सांगू?’

मग तिनं नवा डोळा झाकला आणि जुन्या, पिवळट दिसणाऱ्या डोळ्यानं पडद्याकडं बघत म्हणाली, ‘ती लाथ मारतोय ते परत एकदा लाव.’